आधी टाकायचं

शेवटचा साधा दिवस रविवार होता. परभणीहून मी नेहमीच्या बसनं निघाले, नेहमीसारखी उशिरा मानवतला पोचले आणि आई नेहमीसारखी घरी नव्हती. ओसरीवर अण्णा, माझे वडील, पेपर वाचत बसले होते. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "शेडात हाय. चहा घेऊन जा तिचा. मला सांगून गेल्ती, मी इसरलो."

"थर्मास भरलाय का?"

"भरून ठेवलाय की. न्यायचं तेवढं इसरलो."

मी थर्मास घेऊन निघाले. आमचं घर कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत आहे. गल्लीच्या टोकाला पत्र्याची जुनी शेड आहे. पूर्वी तिथं सरकी साठवायचे. नवं गोदाम झालं तेव्हा मालकांनी ती आईला वापरायला दिली. आई हायस्कूलमध्ये खेळाची शिक्षिका होती आणि निवृत्त झाल्यावरही शाळकरी मुलींना त्या शेडीत वेटलिफ्टिंग शिकवत होती. मानवतमध्ये सगळे तिला कावेरी मॅडम म्हणत. अण्णाही रागात असले की म्हणत.

मी गेले तेव्हा ती शाळेतून आणलेल्या लाकडी खुर्चीवर बसून मांडीवरच्या खलबत्त्यात खडू कुटत होती. घामानं हातातून रॉड निसटू नये म्हणून पांढरी पावडर लावतात. ती बाहेरून मागवावी लागते आणि पुरत नाही. म्हणून आई तिच्यात खडूचा चुरा मिसळायची. त्यामुळे तिच्या साडीच्या काठाला कायम पांढरा हात लागलेला असायचा.

समोर फळ्यांच्या प्लॅटफॉर्मवर उत्तरा उभी होती. अकरावीतली मुलगी, तिची आई कडूबाई हंगामात जिनिंगला कामाला असते. उत्तरा स्नॅच मारत होती. स्नॅच म्हणजे जमिनीवरचा रॉड एका झटक्यात डोक्यावर न्यायचा. पाहणाऱ्याला वाटतं, ती वजन वर फेकते. तसं नसतं. वजन छातीपर्यंत येतं, तिथं क्षणभर त्याचं वजनच नाहीसं होतं, आणि तेवढ्या वेळात आपण त्याच्याखाली जाऊन बसायचं असतं. तो क्षण चुकला की रॉड पुढं पडतो किंवा मागं.

उत्तराचा मागं गेला. तिनं हात मोकळे सोडले, एक पाऊल पुढं उडी घेतली आणि रॉड तिच्या पाठीमागं सरकीच्या पोत्यांवर आदळला. धूळ उडाली. एक उंदीर पोत्यामागून निघून भिंतीकडे पळाला. बाकीच्या पोरी हसल्या.

"छान टाकलंस," आई म्हणाली.

माझी आई उचललेल्या वजनापेक्षा टाकलेल्या वजनाचं कौतुक जास्त करायची. नवीन पोरीला ती पहिला महिनाभर उचलायला शिकवतच नसे. रिकामा रॉड डोक्यावर धरायला द्यायचा आणि तो टाकायला लावायचा, कधी पुढं, कधी मागं. गावात यावर विनोद होते. शेडीतले लोखंडी स्टँड जोडून देणारा दत्ता वेल्डर म्हणायचा, "म्याडम, माज्या पोरीला शिकवायची गरज न्हाई. ती घरी रोज भांडी टाकायलीय."

मी थर्मासच्या झाकणात चहा ओतला. आईनं घोट घेतला आणि उत्तराकडे बघत, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "कडूबाई येऊन गेली. म्हणती, पोलीस भरतीत पळायचं न् गोळा फेकायचा, मग हे झटक्यानं डोक्यावर नेणं कामून? बसक्या मारू द्या, सावकाश वजन उचलू द्या, ताकद येतीच की. काही चुकीचं बोलली न्हाई ती. परभणीच्या वेटलिफ्टिंगच्या सरांशी मी बोलून ठेवलंय, पुढच्या तयारीला ते घेतो म्हणलेत. पण पोरीच्या आईचं मन न्हाई." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतं? करण्यासारखं हाय का हे?"

मी कॉलेजात इतिहास शिकवते. प्रश्न विचारला की दोन्ही बाजू मांडायची मला सवय आहे. मी म्हणाले की यावर बरंच लिहिलं गेलंय. नीट शिकवणारं कुणी असेल तर दुखापती आपल्याला वाटतात त्यापेक्षा कमीच होतात, मैदानावरच्या धक्काबुक्कीच्या खेळांपेक्षाही कमी. पण खांदा, मनगट, कोपर यांना धोका असतो तो असतोच. आणि नुसती ताकद किंवा चपळाई हवी असेल तर उड्या आहेत, गोळाफेक आहे, सावकाश बसक्या आहेत. स्पर्धेत उतरायचं नसेल तर स्नॅच पाहिजेच असं नाही. काही प्रशिक्षक म्हणतात, त्याला दुसरा काही पर्याय असूच शकत नाही. काही म्हणतात, शिकायला लागणारा वेळ पाहता...

आईनं मला पूर्ण बोलू दिलं.

"म्हंजे पुस्तकात दोन्ही हाय," ती म्हणाली.

"हो."

"पुस्तकाला न्हवतं इचारलं मी."

ती हसली. तेवढ्यात उत्तरानं हाक मारली, पट्टा सैल झाला होता. आई उठली. जाताना तिनं थर्मासचं रिकामं झाकण माझ्या हातात दिलं, डाव्या. ती मला प्रत्येक गोष्ट डाव्या हातात द्यायची.

संध्याकाळी मी परत निघाले. तिनं लोणच्याची बरणी दिली. बरणीचं झाकण ती नेहमीच अर्धवट लावायची, मला उघडायला जोर लागू नये म्हणून. त्यामुळे बसमध्ये तेल पिशवीभर होई. मी दर वेळी घरी पोचल्यावर झाकण घट्ट करायची आणि तिला कधी काही म्हणायची नाही.

सोमवारी सकाळी मी उत्तरपत्रिकांवरचं तेल टिपत होते तेव्हा अण्णांचा फोन आला. त्यांना बोलता येईना. मग दत्तानं फोन घेतला. "ताई," तो म्हणाला, "तुमी या."

ती त्याच खुर्चीवर गेली. सकाळच्या पोरी आल्या होत्या, उत्तरा रॉडला वजनाच्या प्लेटा लावत होती. खलबत्त्याचा आवाज थांबला म्हणून उत्तरानं वळून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. रक्तदाबाच्या गोळ्या घेत होत्या का? अण्णा म्हणाले, आठवण आली की घ्यायची.

तिनं कित्येक वर्षांत स्वतः वजन उचललं नव्हतं. तरी गावात जे बोलायचं ते बोललं गेलं. भेटायला येणाऱ्या बायका ओसरीवर बसून आधी रडत आणि मग सांगत. एकीनं म्हटलं, एवढं वझं डोक्यावर घेतलं की डोक्याच्या शिरांना ते कळतंच. दुसरी, आमच्याच नात्यातली धुरपताबाई, माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "कावेरीनं दसऱ्याला लोखंडाला हळद-कुंकू लावायचं सोडलं, बाई. तवाच मी किशनरावला म्हणले व्हते. लोखंड ध्यानात ठेवतं."

अण्णा, म्हणजे किशनराव, समोरच बसले होते. ते उठून आत गेले.

हळद-कुंकू तिनं का सोडलं, ते धुरपताबाईला माहीत होतं. सगळ्यांनाच होतं.

माझं आजोळ पोखर्णीचं. तिथं खंडेनवमीला नांगराचा फाळ, पहार, विळे, कुऱ्हाड असं सगळं लोखंड धुऊनपुसून मांडायचे, हळद-कुंकू लावायचे, झेंडू वाहायचे. आजोबांचा एक नियम होता. औजार आपटायचं नाही, ओलांडायचं नाही, काम झालं की मानानं खाली ठेवायचं. कुणी कुदळ धाडकन टाकली तर ते दिवसभर त्याच्याशी बोलत नसत. आई तो नियम माहेराहून शेडीत घेऊन आली. दसऱ्याला रॉडची पूजा व्हायची, आणि वर्षभर एकच शिकवण असायची: टाकायचं न्हाई, ठेवायचं. त्या वेळी शेडीत शहाबादी फरशी होती आणि लोखंडी प्लेटांचा एकच संच, तोही मागून आणलेला. पण कारण फरशीचं नव्हतं. गावाला तो नियम फार आवडायचा. लोक म्हणत, शिस्त बघा म्याडमची, लोखंड खाली ठेवलं तर आवाज येत न्हाई.

आम्ही पोरी ते अभिमानानं करायचो. डोक्यावर नेलेला रॉड छातीवर, छातीवरून मांडीवर, मांडीवरून जमिनीवर. जो रॉड नीट वर गेलाय, तो असा खाली आणता येतो. जो मागं गेलाय, तो आणता येत नाही. ही साधी गोष्ट आमच्यापैकी कुणी कधी बोललं नाही. आईच्याही डोक्यात आली नाही. तिला ज्यांनी शिकवलं त्यांनीही तिला टाकायला शिकवलं नव्हतं.

मी बारावीत होते. त्या संध्याकाळचं वजन काही नवं नव्हतं, आधी उचललेलं होतं. रॉड वर गेला, मी खाली गेले आणि तो थोडा मागं सरकला. हात सोडायचे आणि पुढं व्हायचं, एवढंच होतं. मी तो परत पुढं आणायला गेले, ठेवण्यासाठी. उजवं कोपर जागचं निघालं. आवाज ओल्या फांदीसारखा आला. रॉड मग पडलाच, फरशी फुटली, आणि मला पहिल्यांदा काय सुचलं असेल तर मी आईला म्हणाले, "सॉरी, आपटला."

ती माझ्या बाजूला गुडघ्यांवर बसली होती. "हलू नको," एवढंच म्हणाली. परभणीला नेईपर्यंत जीपमध्ये तिनं माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, आणि ती माझ्याकडे एकदाही बघत नव्हती.

शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाले. कोपर पूर्ण सरळ होत नाही ते नाहीच. थंडीत दुखतं. फळ्यावर मी डाव्या हातानं लिहायला शिकले.

आईनं शेड काही महिने बंद ठेवली. मग एक दिवस जिनिंगमधून सरकीची पोती मागून आणली, फरशीवर फळ्या ठोकल्या आणि पहिल्या आलेल्या पोरीला टाकायला शिकवलं. त्या दसऱ्याला तिनं रॉडला हळद-कुंकू लावलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "लोखंड हाय ते. लोखंडच म्हणायचं त्याला."

आणि माझ्या हाताबद्दल आम्ही दोघी पुढं कधी बोललो नाही. घरात माझ्यासाठी झाकणं सैल झाली, बादल्या अर्ध्या भरल्या जाऊ लागल्या, चहाचा कप डाव्या बाजूला येऊ लागला. एवढंच.

तेरावं झालं. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी दत्ता शेडीची किल्ली घेऊन आला. म्हणाला, पोती उपसून उन्हात टाकायला पायजेत, उंदरांनी भोकं पाडल्यात. मी त्याच्याबरोबर गेले. आम्ही दार उघडलं तर मागोमाग उत्तरा आली आणि तिच्यामागं कडूबाई, डोक्यावर पदर घेतलेली, हातात विळा. ती सरळ शेतातून आली होती.

उत्तरा आत जाऊन प्लॅटफॉर्मच्या कडेला उभी राहिली. आई गेल्यापासून तिनं रॉडला हात लावला नव्हता, हे दत्तानं मला सांगितलं होतं. परभणीच्या सरांचा दोनदा फोन येऊन गेला होता. पोरीला पाठवायचं असेल तर आताच, नाहीतर ते दुसरी मुलगी घेणार होते.

कडूबाई दारातच बसली. विळा बाजूला ठेवला, सावकाश, पातं आपल्याकडं करून.

"ताई, तुमच्या दुःखात मी हे बोलू नये," ती म्हणाली. "पण पोरगी रातंध्याड रडायलीय. तिचा बाप म्हणतो, तूच ठरव. मी अडाणी बाई काय ठरवू?"

"अडाणी म्हणं," दत्ता पोतं ओढत म्हणाला. "मुकादमाला भर जिनिंगात उभ्या उभ्या हिशोब शिकवलास तू."

"तू गप रे. तुला भांड्याचा आवाज पायजे घरी जाऊन." ती माझ्याकडे वळली. "आमी वझं उचलून उचलून मोडलो, ताई. माजे गुडघे बगा, कंबर बगा. पोट होतं म्हणून उचललं. अन् ही हौसंनं उचलायलीय. भरतीत पळायचं हाय, गोळा फेकायचा हाय, त्याला हे झटके कशाला? म्याडमला मी इचारलं तर म्हणल्या, माज्या पोरीला इचारून सांगते."

मला बसावंसं वाटलं. शेडीत एकच खुर्ची होती. तिच्यावर खलबत्ता तसाच ठेवलेला होता, खडू अर्धवट कुटलेला.

"मग म्याडम काई बोलल्याच न्हाईत," कडूबाई म्हणाली. "इचारलं व्हतं का त्यांनी तुमाला?"

"विचारलं होतं."

"काय म्हणलाव तुमी?"

"पुस्तकातलं सांगितलं."

"ते नगं मला," ती म्हणाली. "तुमचा हात दावा."

मी बाही वर करून हात पुढं केला, जितका जातो तितका. कडूबाईनं कोपर दोन बोटांनी चाचपलं, बाजारात बैलाचा गुडघा बघावा तसं, न लाजता. शस्त्रक्रियेच्या खुणेवरून अंगठा फिरवला.

"दुखतंय?"

"थंडीत."

"येणी घालता येती?"

"नाही. म्हणून केस कापले."

"म्याडमनं तुमाला टाकायला शिकवलं न्हवतं?"

"तेव्हा इथं कुणालाच ते माहीत नव्हतं."

"म्हंजे चूक म्याडमचीच की."

दत्तानं पोतं ओढायचं थांबवलं. उत्तरा पहिल्यांदा बोलली, "आई, गप ना." कडूबाई गप्प बसली नाही, पण तिचा आवाज उतरला. "मी नावं ठेवायला न्हाई आले. आई हाय म्हणून इचारायले. उद्या हिचा हात गेला तर मला जलमभर हिला भाकर डाव्या हातात द्यावी लागंल. म्याडम द्यायच्या तशी."

तिनं ते पाहिलं होतं. मला वाटायचं, ते आमच्या दोघींतच आहे.

उत्तरा रॉडजवळ वाकली. तिनं प्लेटा काढून ठेवल्या आणि नुसता रॉड डोक्यावर नेला. "बग," ती आईला म्हणाली, "मागं गेला की असं." हात मोकळे झाले, ती पुढं आली, रॉड पाठीमागं पोत्यावर पडला. पोतं फाटलेलंच होतं, सरकी फळ्यांवर सांडली. "न् पुढं गेला की असं." तिनं तो परत उचलला आणि पुढं टाकला. ती रडत होती आणि टाकत होती. "म्याडमनं हेच शिकवलंय मला सगळ्यात जास्त. उचलायचं नंतर."

कडूबाई ते बघत राहिली. मग तिनं मला विचारलं, अगदी हळू, शेजारणीला बाजारचा भाव विचारावा तसं:

"तुमाला परत सतरा वर्साचं केलं, ताई. हात असा होणार हे बी म्हाईत हाय, असं समजा. तर जाताल का तुमी त्या लोखंडाखाली?"

हाच प्रश्न होता. आईनं तो थोडा वेगळा विचारला होता, उत्तराचं नाव पुढं करून, कारण तिला सरळ विचारता आला नाही. इतकी वर्षं ती झाकणं सैल करत होती ती याच प्रश्नाभोवती.

मी खुर्चीवरचा खलबत्ता उचलला आणि उजव्या हातात धरला. तो जड होता. पत्र्यावर ऊन तापलं होतं आणि शेडीत सरकीचा तेलकट वास होता, मी बारावीत असताना होता तसाच. मला तो क्षण आठवला. कोपर निघालं तो नाही, त्याच्या थोडा आधीचा, रॉड छातीपाशी आला आणि त्याचं वजन नाहीसं झालं तो. मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात मला तसं काही पुन्हा मिळालं नव्हतं, आणि हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आईनं चहाचा कप कुठल्याही हातात दिला असता.

"उत्तराचं मी सांगू शकत नाही," मी कडूबाईला म्हणाले. "माझं सांगते."

कडूबाई पुढं सरकली. दत्ताही.

मला कडूबाईकडे बघून बोलायचं होतं. पण मी खुर्चीकडे बघत होते.

"जाईन," मी म्हणाले. "आई, करण्यासारखं होतं ते. हात गेला तरी होतं. मी परत जाईन. फक्त आधी टाकायला शिकीन."